खाली एअर काढा, वर एअर भरा

...नाही, मला एक सांगा, डिझेल इंजिनाचा एअर काढता येतो म्हणून माणसाला जगातल्या सगळ्या यंत्रांचा एअर काढता येतो, हे कुठं लिहून ठेवलंय? कुठल्या शाळेत शिकवतात? मी कारंज्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले, प्राणिशास्त्र घेऊन, मला कुणी शिकवलं नाही! पण आमच्या गावातला कोणताही बाप्या घ्या. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, त्यानं नट ढिला केला, पंप मारला, चार बुडबुडे निघाले, इंजिन धडधडलं, की झाला तो इंजिनिअर. त्या दिवसापासून त्याच्यासमोर विमान आणून उभं करा, तो खाली वाकून बघेल, थुंकेल आणि सांगेल, "एअर हाय!"

तुम्हाला सांगते, हे शब्द मी त्या दिवशी इतक्यांदा ऐकले की अजून रात्री दचकून उठते. "एअर हाय अजून!"

थांबा, नीट सांगते. गेल्या वर्षी आमच्या बचत गटानं गावतलाव मासेपालनासाठी घेतला. ग्रामपंचायतीकडून, रीतसर, ठरावासकट. त्याआधी आठ वर्षं तो शालिग्रामभाऊंकडे होता. आठ वर्षांत शालिग्रामभाऊंनी त्या तलावात काय सोडलं? म्हशी! स्वतःच्या! आणि हाच माणूस भर ग्रामसभेत उभा राहून म्हणतो, "बायाइच्या हातानं मासोळी जगत नसते बाप्पा. एक साल देऊन पाहा. बीज मेलं तर तलाव मले वापस." आणि सभा काय म्हणाली? सभा म्हणाली, बरोबर आहे! लगेच ठरावात लिहिलंसुद्धा! म्हणजे बघा, मासे जगले तर तलाव आमचा, मेले तर भाऊंच्या म्हशींचा. म्हशींना अशी अट कधी कुणी घातली नव्हती हं.

तर आम्ही ऑगस्टमध्ये मत्स्यबीज आणायला निघालो. आम्ही म्हणजे मी, गटाची सचिव, आणि कस्तुराकाकू, गटाच्या अध्यक्ष, वय अडुसष्ट, आवाज मात्र तिशीतला. ठरवलेली छोटी गाडी ऐन सकाळी आलीच नाही. मग मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे गोविंदसिंग धावून आले, स्वतःचा ट्रक घेऊन. ट्रक म्हणजे केवढा? दहा चाकांचा! केबिनमध्ये चढायला शिडी! मी म्हटलं, भाऊ, मासे आणायचेत, देवमासा नाही. ते म्हणाले, "ताई, रिकामी गाडी हाय, डिझेल टाका, चला." माणूस सज्जन हो, माझं त्यांच्याशी काही वैर नाही. माझं वैर बाकीच्या सगळ्यांशी आहे.

बीज केंद्रावर वरून कापलेल्या चार काळ्या टाक्या भरल्या, हजार-हजार लिटरच्या, आणि त्यांत सोडली वीस हजार बोटुकली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. रोहू, कटला, मृगळ. चांदीचा चुरा सांडल्यासारखी दिसत होती, डोळे निवले माझे. निघताना तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, एकच लक्षात ठेवा. गाडी हलत राहिली की पाणी हिंदकळतं, पाण्यात हवा मिसळते, पिल्लं जगतात. गाडी थांबवू नका. थांबलीच तर पाणी हातानं बडवत राहा. नाहीतर तासाभरात..." आणि त्यानं हात असा आडवा केला.

आता तुम्हीच सांगा, "गाडी थांबवू नका" असं कुणी म्हटलं की गाडी काय करते?

धनज गाव चार किलोमीटर राहिलं होतं. तिथून दोन किलोमीटरवर आमचं गाव. मधे रस्त्यावर बकऱ्या आल्या. गोविंदसिंगांनी गाडी उभी केली, बकऱ्या गेल्या, त्यांनी गिअर टाकला आणि गिअर पडला नाही. म्हणजे दांडा पुढं गेला, मागं गेला, आडवा गेला, अगदी शेवयाच्या खिरीत पळी फिरवावी तसा गुळगुळीत फिरला... गाडी जागची हलेना! गोविंदसिंग दांड्याकडं बघतात, मी गोविंदसिंगांकडं बघते.

ते खाली उतरले, गाडीखाली घुसले, तेलानं माखून वर आले. म्हणाले, "ताई, पाइपाचा नट ढिला झाला होता. तेल गळलं. नट तं कसला मी, पन आता आत एअर घुसला."

मी म्हटलं, गिअरमध्ये एअर कसा घुसेल हो? गिअर काय सायकलची ट्यूब आहे?

"ह्या गाडीले सळई नाई ना ताई. दांडा तेल ढकलते, तेल तिकडं गिअर ढकलते. मंधात एअर आला का दांडा नुसती हवा दाबते."

मला लगेच कळलं. इंजेक्शनच्या सिरिंजसारखं. सुई टोचण्याआधी नर्स हवा काढते ना, तसंच. त्यात काय एवढं! रिसोडच्या राजू मिस्त्रीला फोन लावला, गोविंदसिंगांच्या सगळ्या गाड्या तोच बघतो. त्यानं अगदी पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगितलं. "मॅडम, तुमी वर बसा. दांडा पुढं लोटा अन् धरून ठेवा. खाली माणूस निपल, म्हंजे हवा काढाची बारकी चावी, उघडंल. बुडबुडे निघतीन. मंग त्यानं निपल बंद करा. बंद झालं असं त्यानं सांगतलं, का मंगच तुमी दांडा सोडा. आधी सोडला तं दांडा मागं येतायेता बाहेरची हवा आत वढते. आलं ध्यानात? आधी बंद, मंग सोड. दहा-बारा डाव करा, गाडी..." आणि फोन कटला. रेंज गेली. पण मला कळलं होतं! आधी बंद, मग सोड. चार शब्द आहेत हो. चार!

मागं कस्तुराकाकू टाक्यांजवळ उभ्या. त्यांनी पदर खोचला, डबे ठेवायला आणलेला जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं हो, घेतला, पाणी उचलायचं आणि वरून धबाधबा ओतायचं, एका टाकीतून दुसऱ्या टाकीकडं, धबाधबा, धबाधबा. अडुसष्ट वर्षांची बाई! आणि वरून ओरडतात, "वैजू, जल्दी करा वं! मासोळ्या तोंडं वर काढून राह्यल्या!" आलं का लक्षात? गाडीखाली एअर जास्त झाला म्हणून काढायचा आणि गाडीवर एअर कमी पडला म्हणून भरायचा. मधल्या केबिनमध्ये मी.

सुरुवात झकास झाली असती. गोविंदसिंग खाली, मी वर, कस्तुराकाकू मागं. तिघं पुरेसे होतो! तेवढ्यात मोटारसायकल आली.

कोण आलं असेल? बोला ना. बरोबर, शालिग्रामभाऊ! यांना कोण कळवतं देव जाणे, पण दुसऱ्याचं काही अडलं की त्यांच्या मोटारसायकलला आपोआप किक बसते. उतरले, कमरेवर हात ठेवले, टाक्यांकडं एक नजर टाकली आणि तोंडावर असं दुःख आणलं, असं दुःख, जणू मयतीला आलेत.

"काय झालं, वयनी? मेल्या का?"

नाही मेल्या!

"मेल्या नसतीन अजून. गाडीले काय झालं?"

गोविंदसिंग खालून म्हणाले, एअर आहे. बस्स. तो एक शब्द पुरला. भाऊंचे डोळे चमकले. "एअर? इतलंच ना? हट! जल्मभर तेच तं केलं!" आणि गाडीच्या बाजूला उकिडवे बसले, डोकं खाली घातलं आणि सगळी सूत्रं हातात घेतली. कुणी दिली? कुणीच नाही! यांना सूत्रं कुणी द्यावी लागत नाहीत, ते येताना सोबतच घेऊन येतात.

"वयनी, तुमी नुसता दांडा मारा. पुढं-मागं, पुढं-मागं. पंपासारखा. गोविंदसिंग, निपल खुलं राहू दे."

मी म्हटलं, भाऊ, निपल आधी बंद करायचं असतं. मिस्त्रीनं सांगितलंय.

"कोन्या मिस्त्रीनं?"

रिसोडच्या.

"त्याच्या वावरात इंजिन हाय का?"

आता यावर काय बोलायचं? तुम्ही बोलला असता? मी बोलले, तर म्हणतात, "वयनी, तुमी दांडा पकडा फक्त." फक्त! म्हणजे विचार खाली होणार आणि दांडा वर. तोवर शेजारच्या शेतांतून आणखी माणसं आली. धुऱ्या-बांधांवरून उड्या मारत आली हो! सोयाबीन फवारायला हाक मारा, एक येत नाही. एअर म्हटलं की सात जण! सातही जण गाडीखाली वाकले आणि सातही जणांनी आपापल्या इंजिनाची कथा सुरू केली. एकाचं इंजिन भर पोळ्याच्या दिवशी बंद पडलं होतं. एकानं बिडीच्या बंडलाचा दोरा गुंडाळून नट बसवला होता. एक म्हणाला, तेल संपत असेल तर खायचं तेल टाका. खायचं! गोविंदसिंग खालून ओरडले, "गाडीचं सील जाते बाप्पा!" तो म्हणतो, "आमच्या इंजिनचं नाई गेलं." अरे, तुझं इंजिन आहे की वडे तळायची कढई?

तर मी दांडा मारला. मारावा लागला! सात जण एकदम ओरडतात, "मारा! मारा! मारा!" मी पुढं लोटला, मागं आला, पुढं लोटला, मागं आला. खाली निपल सताड उघडं. पुढं लोटलं की चळकन तेल बाहेर, सोबत बुडबुडे, आणि सगळे खूश, "निंगला! निंगला!" दांडा मागं आला की तेच निपल बाहेरची हवा घटाघटा आत ओढतंय. जेवढा एअर काढला तेवढाच भरला. मग गोविंदसिंगांचा आवाज, "एअर हाय अजून!" आणि सात जणांचा कोरस, "एअर हाय अजून! मारा!"

अर्धा तास! तुम्हाला सांगते, अर्धा तास! माझा खांदा निखळायला आला. मधे मधे मी खिडकीतून डोकं काढून ओरडते, अहो, आधी बंद, मग सोड! तर सात पाठी माझ्याकडं. सात! एकाही पाठीला कान नाही. इंजिनाला तसं चालतं हो, त्यांची चूक नाही, म्हणजे आहेच! इंजिनाच्या पंपाला आत झडप असते, गेलेलं माघारी येत नाही, नट उघडा ठेवून मारा तासभर. इथं उघडं ठेवलं की माघारी येतं! पण हे सांगणार कुणाला? भाऊ म्हणतात, "वयनी, जोर कमी पडून राह्यला. जरा जेवत जा." जेवत जा! मला! आणि ते सात हसले.

"एअर हाय अजून!"

तेवढ्यात मागून कस्तुराकाकूंचा आवाज. आता पहिल्यासारखा नाही, चिरका. "वैजू वं... तिसऱ्या टाकीत मासोळ्या आडव्या होऊन राह्यल्या!"

बीज केंद्रावरचा तो आडवा हात डोळ्यांसमोर आला. आणि गाडीखालून हात बाहेर काढून गोविंदसिंगांनी भर टाकायच्या तेलाचा डबा हलवून दाखवला, आत नुसतं खुळखुळ, तळाशी चार बोटं. हे तेल संपलं की खेळ खलास. आणि भाऊ? भाऊ उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि त्या सात जणांना म्हणाले, अगदी मायेनं म्हणाले, "मी सभेत सांगतलंच होतं."

तिथं माझं डोकं फिरलं.

मी दांडा पुढं लोटला, अगदी टोकापर्यंत. आणि दोन्ही हातांनी धरला. धरला म्हणजे धरलाच. कोपरानं बटण दाबून दारं आतून लॉक केली. मला आता सांगा काय सांगायचं ते.

भाऊ दाराशी आले. "वयनी, दांडा सोडा!"

नाही सोडत.

"काहून?"

निपल बंद झाल्याशिवाय नाही.

"अव्वो, आमी सांगून राह्यलो ना!"

सांगा.

आणि मी कोपरानंच काचा वर घेतल्या. त्यांनी दार ठोकलं. शिडीवर चढले. काचेला नाक लावून बोलायला लागले. मला ऐकू काही येईना, नुसतं तोंड दिसतंय, उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय... मागं तिसऱ्या टाकीत नेमकं हेच चाललं होतं हो! फरक एवढाच की त्या बिचाऱ्यांना खरंच गरज होती. सातही जण आता काचेभोवती. एक जण बोटानं कपाळाकडं खूण करतो, बाईचं फिरलं म्हणून. फिरलंच होतं! घाम डोळ्यांत जातोय, पण दांडा सोडला नाही.

आणि खाली काय झालं? खाली गोविंदसिंगांना काहीच कळेना. दांडा मागं येईना, निपलातून तेल थांबलं. ते तेलाला जपणारे, उघडं कशाला ठेवायचं म्हणून त्यांनी निपल घट्ट बंद केलं आणि बाहेर सरपटत आले, "ताई, काय झालं?"

मी बोटभर काच खाली केली. बंद केलं?

"केलं."

मी दांडा सोडला. आणि तुम्हाला सांगते, दांडा मागं आला तो वेगळाच आला! जरा जड. जरा शहाणा. गोविंदसिंगांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, भाऊंच्या तोंडाकडं बघितलं, मग हातातल्या डब्याकडं बघितलं. म्हणाले, "शालिग्रामभाऊ, तेल माह्यं हाय अन् गाडी बी माही हाय. आता मी ताईचं आयकतो." आणि घुसले खाली.

मग फक्त दोन आवाज. ते ओरडायचे, "खुलं!" मी लोटून धरायची. ते ओरडायचे, "बंद!" मी सोडायची. खुलं, बंद. खुलं, बंद. पाचव्या डावाला आवाज आला, "एअर हाय अजून!" आठव्या डावाला, "हाय, पन जरासक!" भाऊ गप्प! पहिल्यांदा, हयातीत! अकराव्या डावाला खालून काहीच आवाज नाही. मी विचारलं, काय हो? एअर आहे?

"नाई, ताई. सोच्छ तेल."

दांडा असा कडक झाला होता की काय सांगू, पोलिसाच्या काठीसारखा. गोविंदसिंग वर चढले, पहिला टाकला, खट्ट! पडला! गाडी हलली, पाणी हिंदकळलं आणि मागून कस्तुराकाकू ओरडल्या, "चालली वं माय! चालली!" आणि तिथंच टाकीला टेकून खाली बसल्या. दोन्ही हातांना फोड आले होते त्यांच्या. गंज मात्र सोडला नव्हता.

तलावावर पोचलो. घाईत नुसतं ओतून चालत नाही, आधी तलावाचं पाणी टाकीत मिसळायचं, पिल्लांना सवय होऊ द्यायची, ते सगळं केलं. आणि मग सोडली. तिसऱ्या टाकीतली पाच-सातशे गेली, खोटं कशाला बोलू. बाकी सगळी अशी सुळकन् गेली, पाण्यावर नुसती थरथर उठली. मी काठावर बसून रडले. कस्तुराकाकू म्हणाल्या, "रडू नको, खारं पानी चालत नाई त्याईले."

संपली गोष्ट, असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

आठ दिवसांनी ग्रामसभा. विषय पहिला, गावतलाव. सरपंच म्हणाले, बीज जगलं, तलाव गटाकडंच राहील. टाळ्या. मी उठणार, दोन शब्द बोलणार, आदल्या रात्री कागदावर मांडले होते. तेवढ्यात भाऊ उठले! घसा खाकरला. म्हणाले, "मंडळी, त्या दिवशी मी टायमावर पोचलो नसतो तं काय झालं असतं?"

मी कागद खाली ठेवला.

"गिअरचा एअर काढणं म्हंजे इंजिन नव्हे. त्याची रीत न्यारी असते. दांडा धरून ठेवा लागते. खालचं बंद झाल्याबिगर दांडा सोडाचाच नसते! वयनीले मी तेच सांगून राह्यलो होतो... काचेतून."

काचेतून! काचेतून हो! आणि ते सात जण, साक्षीदार, सगळे माना हलवतायत! एक तर म्हणाला, "आमी तथीच होतो." टाळ्या! आमच्यापेक्षा दुप्पट टाळ्या! आणि ठरावाला पुढं जोडलं काय? तलाव महिला गटाकडं राहील, मार्गदर्शक म्हणून शालिग्रामभाऊ काम पाहतील. मी उठलेच होते, तोंड उघडलं होतं, अंगार होता तोंडात! कस्तुराकाकूंनी पदर ओढून खाली बसवलं. कानात म्हणाल्या, "तलाव कोनाजवळ राह्यला?"

आपल्याजवळ.

"मासोळ्या कोनाच्या?"

आपल्या.

"मंग वाजव टाळी."

वाजवली. काय करता!

आता मासे पावपाव किलोचे झालेत. आणि मार्गदर्शक रोज संध्याकाळी येतात, चप्पल काढून काठावर उभे राहतात, कमरेवर हात ठेवतात आणि त्या माशांना पोहायचं कसं ते सांगतात. "इकडून फिरा! शेपटी मारा! मारा!" मी शेजारी चारा टाकत उभी असते, मान हलवते, हो भाऊ म्हणते. मासे नशिबाचे... त्यांना बुडी मारता येते.